वादळ, सैन्य आणि सांगावा

रोगाविषयीं आपण जें कांहीं बोलतों तें बहुतेक रूपकांतच बोलतों, आणि हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. ताप ‘चढतो’ आणि ‘उतरतो’, देवी ‘येतात’, गोंवर ‘निघतो’, पडसें ‘होतें’ पण खोकला ‘लागतो’. हीं क्रियापदें कोणा वैद्यांनीं सभा भरवून ठरविलेलीं नाहींत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवांतून तीं भाषेंत मुरलीं आहेत, आणि म्हणूनच तीं फारशी दिशाभूल करीत नाहींत. जें रूपक वर्तमानपत्राच्या एका स्तंभांतून आठ दिवसांत घरोघर जातें त्याची गोष्ट निराळी. त्याला मुरावयास वेळ मिळालेला नसतो. आणि तें ज्या घरांत जातें तेथें बहुधा कोणीतरी अंथरुणावर असतें.

सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत ‘सायटोकाइन’ हा शब्द मराठींत असाच शिरला. तो एकटा आला नाहीं. ‘वादळ’ या शब्दाचा हात धरून आला. आमच्या देवपुरांत, पांझरेच्या या कांठीं, ज्या घरांत शाळा सुटल्यापासून शास्त्राचें पुस्तक उघडलें गेलें नव्हतें त्या घरांतूनहि ‘त्यांना सायटोकाइनचें वादळ आलें’ असें ऐकूं येऊं लागलें. पूर्वीं अशा वेळीं दैवाचें नांव घेत. आतां वादळाचें घेऊं लागले. त्याच सुमारास दुसरें एक जुनें रूपक, पांढऱ्या पेशींच्या सैन्याचें, नव्या जोमानें वापरांत आलें. प्रथिनांची परीक्षा रसायनशास्त्रज्ञांनीं करावी हें खरें. परंतु रूपकांची परीक्षा करणें हें साहित्याच्या अध्यापकाचेंच काम आहे. हीं दोन्ही रूपकें आपल्याला वस्तु दाखवितात कीं झांकतात, हें पाहावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आधीं वस्तु कोणती तें पाहूं. आपल्या शरीरांतील पेशींना डोळे नाहींत, कान नाहींत. शेजारची पेशी काय करीत आहे हें कळण्याचा त्यांचा एक मोठा मार्ग म्हणजे तिनें बाहेर सोडलेलें एखादें लहानसें प्रथिन. रोगप्रतिकाराच्या कामांतल्या पेशी, आणि त्यांच्याखेरीज त्वचेच्या, रक्तवाहिन्यांच्या, इतकेंच काय पण चरबीच्याहि पेशी, अशीं जीं प्रथिनें सोडतात त्यांना सायटोकाइनें म्हणतात. ग्रीक भाषेंत ‘किटोस’ म्हणजे पोकळ भांडें, त्यावरून पेशी. आणि ‘किनेइन’ म्हणजे हालविणें. हें नांव १९७४ सालीं स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सुचविलें. वस्तु मात्र त्यापूर्वींच सांपडली होती. १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान या दोघांना असें आढळलें कीं, निष्प्रभ केलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूंचा स्पर्श झालेल्या पेशी असें कांहीं तरी द्रव्य बाहेर टाकतात कीं तें दुसऱ्या ताज्या पेशींना दिल्यास त्यांच्यांत विषाणूची वाढ होत नाहीं. विषाणूच्या कामांत आडकाठी आणणारें म्हणून त्यांनीं त्याला ‘इंटरफेरॉन’ म्हटलें. संकटांत सांपडलेल्या पेशीनें शेजारणीला सावध केलें, असा त्या शोधाचा अर्थ होता.

हें सावध करणें कसें घडतें? प्रथिन दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठराविक ग्राहीला जाऊन चिकटतें. त्यामुळें ग्राहीचे तुकडे एकमेकांजवळ येतात. त्यांच्या आंतल्या टोकांशीं बसलेलीं ‘जॅक’ नांवाचीं विकरें एकमेकांना जागीं करतात. तीं ‘स्टॅट’ नांवाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण लावतात. आणि खूण लागलेलें स्टॅट केंद्रकांत जाऊन कांहीं जनुकांचें काम सुरू करतें, कांहींचें थांबवितें. सर्वच सायटोकाइनें याच वाटेनें जात नाहींत, पण पुष्कळ जातात. आणि एवढ्या उलाढालीला द्रव्य किती लागतें? रक्ताच्या एका मिलिलिटरांत कांहीं पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग.

या गोष्टी प्रयोगशाळेंतल्या असल्या तरी त्यांचा अनुभव प्रत्येकाला आहे. तापाच्या आदल्या संध्याकाळीं अंग मोडून येतें, जेवण नको होतें, दिवा नको वाटतो, कोणाचें बोलणें नको वाटतें, आणि माणूस घोंगडी ओढून कोपरा धरतो. हें सर्व जंतूचें कृत्य आहे असें आपण समजतों. तें बहुतांशीं आपल्याच इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ या प्रथिनांचें कृत्य असतें. त्यांच्या सांगण्यावरून मेंदूंत प्रोस्टाग्लँडिन तयार होतें आणि शरीराच्या उष्णतेची पातळी वर सरकविली जाते. आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतों ती या प्रोस्टाग्लँडिनला अडविण्यासाठीं. कोविडच्या दिवसांत ‘सीआरपी’ या तपासणीची चिठ्ठी हातांत घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभीं असलेलीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. सीआरपी हें यकृतानें केलेलें प्रथिन. आणि यकृत तें करतें तें मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या आज्ञेवरून. त्या चिठ्ठीवरचा आंकडा म्हणजे आंत चाललेल्या एका मोठ्या संभाषणाचा बाहेर ऐकूं आलेला प्रतिध्वनि होता.

या प्रथिनांच्या नामकरणाचा इतिहास मला त्यांच्या रसायनाहून अधिक उद्बोधक वाटतो. १९७५ सालीं न्यूयॉर्क येथील एका प्रयोगशाळेंत उंदरांच्या अर्बुदांचा नाश करणारें एक द्रव्य आढळलें. त्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, म्हणजे अर्बुदनाशक घटक, असें गौरवाचें नांव मिळालें. टीएनएफ तें हेंच. त्याच शहरांतील दुसऱ्या एका प्रयोगशाळेंत, दीर्घ आजारांत जनावरें झिजून अस्थिपंजर कां होतात याचा शोध चालला होता. तेथें जें द्रव्य सांपडलें त्याला ‘कॅकेक्टिन’, म्हणजे झिजविणारें, असें निंदेचें नांव मिळालें. १९८५ सालीं कळलें कीं हीं दोन द्रव्यें नसून एकच आहे. इंटरल्यूकिन-६ ची कथा याहून मौजेची. प्रतिपिंड करणाऱ्या बी पेशींवर ज्यांचें लक्ष होतें त्यांनीं त्याला बी पेशींना उत्तेजन देणारा घटक म्हटलें. यकृताचा अभ्यास करणाऱ्यांनीं यकृतपेशींना चेतविणारा घटक म्हटलें. कोणाला तें इंटरफेरॉनचाच एक प्रकार वाटलें. १९८६ सालीं ओसाका येथें किशिमोतो व हिरानो यांच्या प्रयोगशाळेंत त्याचें जनुक हातीं आलें, आणि हीं सगळीं बिरुदें एकाच धन्याचीं आहेत असा उलगडा झाला. मग सर्व नांवें पुसून त्याला नुसता अनुक्रमांक देण्यांत आला. ‘इंटरल्यूकिन’ म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आपसांतलें, हें नांव १९७९ सालीं स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथील बैठकींत ठरलें होतें. आज अशीं इंटरल्यूकिनें चाळिसांच्या घरांत आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा व्यवहार पांढऱ्या पेशींपुरता मर्यादित नाहीं हेंहि ठाऊक झालें आहे. आमच्या देवपुरांतील नव्या वसाहतींत घरें प्लॉटच्या क्रमांकानें ओळखतात, तशीं हीं क्रमांकाचीं नांवें. तीं रुक्ष आहेत. पण रुक्ष नांव निदान खोटें तरी बोलत नाहीं.

इतक्या बुद्धिमान माणसांनीं एकाच वस्तूला इतकीं निरनिराळीं नांवें दिलीं याचें कारण त्यांची चूक नव्हे. प्रत्येकानें तें प्रथिन एकेका पेशीच्या कानानें ऐकलें, आणि प्रत्येक पेशीला त्याचा अर्थ खरोखरच निराळा होता. आमच्या साहित्यशास्त्राला हा अनुभव अपरिचित नाहीं. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त सूर्य मावळल्याचें सांगणाऱ्या एका साध्या वाक्याचा दाखला घेतला आहे. तें ऐकून गुराखी गुरें घराकडे वळवितो, व्यापारी माल आवरतो, ब्राह्मण संध्येला बसतो, सेनापति शत्रूवर छापा घालण्याची वेळ झाली असें समजतो, आणि अभिसारिका आणखी कांहीं समजते. वाच्यार्थ एक, पण व्यंग्यार्थ ऐकणाऱ्यागणिक आणि प्रसंगागणिक वेगळा. सायटोकाइनाचें वर्तन समजून घेण्यास मला तरी याहून चांगला दृष्टान्त सांपडलेला नाहीं. अर्थ प्रथिनाच्या पोटांत नसतो. तो ग्राहींत, ग्राही बाळगणाऱ्या पेशींत, तिनें आधीं काय ऐकलें आहे त्यांत, आणि त्याच क्षणीं दुसरें काय ऐकूं येत आहे त्यांत असतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ च्या अखेरीस धुळ्यांत देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें आहे, तेव्हां दुसरा दृष्टान्त जुन्या कागदांचा द्यावयास हरकत नाहीं. ‘पत्र पावतांच निघून येणें’ एवढेंच वाक्य हातीं आलें, मिति नाहीं, मायना फाटलेला, तर इतिहासकाराला त्याचा कांहींच उपयोग नसतो. तें लग्नाचें बोलावणें असेल, नाहीं तर लढाईचें असेल. सायटोकाइनाच्या बाबतींतहि मिति आणि मायना हींच दोन मुख्य, मजकूर त्यानंतरचा.

याचा सर्वांत विदारक दाखला महारोगाचा आहे. वरोऱ्याच्या आनंदवनामुळें हा रोग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, परंतु त्याचें एक कोडें फारसें कोणी सांगत नाहीं. जंतु एकच असतां एका रोग्याच्या अंगावर दोनचार बधिर चट्टे उठून तेवढ्यावर रोग थांबतो व त्या चट्ट्यांत जंतु शोधून सांपडत नाहीं. आणि दुसऱ्याच्या त्वचेंत तेच जंतु कोट्यवधि भरलेले असतात. १९९१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या त्वचेची तपासणी केली. पहिल्या प्रकारांत इंटरल्यूकिन-२ व इंटरफेरॉन-गॅमा यांचें बोलणें चाललेलें आढळलें, दुसऱ्यांत इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१० यांचें. इंटरफेरॉन-गॅमा ऐकलेली भक्षक पेशी पोटांत घेतलेल्या जंतूला मारावयास सज्ज होते. इंटरल्यूकिन-१० ऐकलेली पेशी त्याला पोटांत घेऊन स्वस्थ बसते. दुसऱ्या रोग्याच्या पेशी संख्येनें कमी नसतात. त्यांच्या कानांवर पडलेलें बोलणें वेगळें असतें. आणि पहिला रोगी सर्वस्वी सुखी असतो असेंहि नव्हे. त्याच्या शरीरानें जंतूंचा निकाल लावतांना मज्जातंतूहि दुखावले जातात, आणि बोटें वांकडीं होतात तीं पुष्कळदां त्यामुळेंच.

आतां सैन्याचें रूपक पाहूं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हें आपण सर्वजण शाळेंत शिकलों. लहान मुलांना तें चटकन्‌ कळतें, आणि जंतु अंगांत शिरतात व पेशी त्यांना मारतात एवढ्यापुरतें तें खरेंहि आहे. परंतु वरच्या दोन महारोग्यांतील फरक त्यानें सांगतां येत नाहीं. दोघांकडेहि शिपाई आहेत, दोघांकडेहि शत्रु आहे. दुसऱ्याचे शिपाई भित्रे आहेत असें म्हणावें तर त्याच माणसाच्या त्याच पेशी इतर जंतूंना व्यवस्थित मारतात. सैन्याचें रूपक फक्त बळ मोजूं शकतें. आणि येथें प्रश्न बळाचा नाहीं.

या रूपकाची मुळें आपल्या पारिभाषिक शब्दांतच आहेत. इंग्रजी ‘इम्युनिटी’ हा शब्द लॅटिनांतून आला. रोमन राज्यांत ज्याला करांतून व सक्तीच्या सेवेंतून सूट असे तो ‘इम्युनिस’. आपल्या जुन्या महसुली भाषेंत बोलावयाचें तर माफीदार. एकदां देवी येऊन गेल्या कीं त्या माणसाला तो कर पुन्हां भरावा लागत नाहीं, एवढीच शांत कल्पना त्यांत होती. मराठींत येतांना सूट गेली आणि ‘प्रतिकार’ आला. प्रतिकाराच्या पाठोपाठ ‘शक्ति’ आली. आणि ‘रोगप्रतिकारशक्ति’ असा भारदस्त समास तयार झाला. पश्चिमेकडील भाषांतहि युद्धाची परिभाषा पुढें आलीच, हें खरें; पण शक्तीची जोड ही खास आपली. आणि शक्ति म्हटली कीं ती मोजावी, साठवावी, वाढवावी असें मनुष्याला वाटणारच. २०२० च्या उन्हाळ्यांत ‘प्रतिकारशक्ति वाढविणारे’ काढे, चूर्णें, वड्या आणि गोळ्या यांनीं दुकानें भरून गेलीं होतीं. काढ्याशीं माझें वैर नाहीं. थंडीच्या दिवसांत आलें आणि गवती चहा कोणाला नको आहे? परंतु ‘काय वाढविणार?’ हा प्रश्न त्या वेळीं फार थोड्यांनीं विचारला. शक्ति वाढवितां येते. संभाषण कसें वाढविणार? तें वेळेवर व्हावें, योग्य कानांत पडावें, आणि काम झालें कीं थांबावें, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

संधिवाताच्या ज्या प्रकारांत तरुण स्त्रीच्याहि बोटांचीं पेरें सुजून सकाळीं कुलूप उघडणें कठीण होतें, त्या प्रकारांत तिची प्रतिकारशक्ति कमी पडली कीं जास्त झाली? या प्रश्नाला उत्तर नाहीं, कारण प्रश्नच वांकडा आहे. तिच्या सांध्यांत टीएनएफचा निरोप कारणावांचून चालू राहिलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो निरोप वाटेंत अडविणारीं औषधें निघालीं आणि अनेक रोगी सुखानें चालूं लागले. लगेच २००१ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, या औषधानंतर कित्येकांच्या अंगांत दडून बसलेला क्षय उफाळून आला आहे. क्षयाच्या जंतूंभोंवतीं पेशींचें जें कडें पडतें तें टिकवून धरणें हें याच टीएनएफचें काम. सांध्यांत जो निरोप छळतो, तोच फुप्फुसांत पहारा करतो. क्षयाचे जंतु अंगांत निद्रिस्त असलेलीं असंख्य माणसें ज्या देशांत आहेत तेथें या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको. म्हणून हें औषध सुरू करण्यापूर्वीं आपल्याकडे क्षयाची तपासणी करतात. तिचा एक प्रकार तर चोरून ऐकण्याचाच आहे: रोग्याच्या रक्तांतील पेशींना क्षयजंतूचीं प्रथिनें दाखवावयाचीं, आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा बोलतात कीं नाहीं तें पाहावयाचें. ओळख जुनी असेल तर त्या बोलल्यावांचून राहत नाहींत.

अलीकडील कांहीं लेखकांनीं सैन्य सोडून ‘रासायनिक दूत’ हा शब्द घेतला आहे. ही सुधारणा आहे यांत शंका नाहीं. पण दूत हा दुसऱ्याचा मजकूर वाहून नेतो, आणि मजकूर बदलला तरी दूत तोच राहूं शकतो. सायटोकाइनाजवळ थैली नाहीं, लखोटा नाहीं. तें स्वतःच मजकूर आहे. शिवाय आपल्या पुराणांतले दूत बोलके, चतुर, प्रसंग पाहून युक्ति योजणारे. दूताला चतुराई दिली कीं ऐकणाऱ्याकडे चतुराई उरत नाहीं. आणि या प्रकरणांत सगळी चतुराई ऐकणाऱ्याचीच आहे.

वादळाचा विचार अधिक काळजीनें केला पाहिजे, कारण तें रूपक माणसें मरत असतां वापरलें गेलें. तें आपल्या पत्रकारांनीं निर्माण केलेलें नाहीं. १९९३ सालीं, अस्थिमज्जेच्या रोपणानंतर दात्याच्या पेशी रोग्याच्याच देहावर उलटतात त्या विकाराचें विवेचन करतांना अमेरिकन संशोधकांनीं तें वापरलें, आणि तेथें तें शोभतें. मार्च २००६ मध्यें लंडनजवळील एका रुग्णालयांत एका नव्या प्रतिपिंडाची चांचणी सहा निरोगी तरुणांवर करण्यांत आली, तेव्हां कांहीं तासांतच त्या सहाहि जणांना अतिदक्षता विभागांत हालवावें लागलें. ते सर्व वाचले, पण त्या प्रकाराला वादळाखेरीज दुसरें नांव नव्हतें. आपल्या मुंबईंतील दाखला अधिक समाधानाचा आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय यांनीं मिळून रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं जी पेशी-चिकित्सा सिद्ध केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपतींच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. ‘नेक्सकार-१९’ हें तिचें नांव. तींत रोग्याच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखावयास शिकवून परत सोडतात. त्या पेशींची आणि कर्कपेशींची गांठ पडली कीं सायटोकाइनांचा लोंढा सुटण्याचा संभव असतो. ताप चढतो, रक्तदाब उतरूं शकतो. वैद्य हें धरूनच चालतात आणि इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडविणारें टोसिलिझुमॅब हें औषध जवळ ठेवतात. याच टोसिलिझुमॅबच्या एका कुपीसाठीं २०२१ च्या एप्रिलांत महाराष्ट्रभर माणसें वणवण फिरलीं, हें वाचकांच्या स्मरणांत असेल.

पण कोविडमध्यें खरोखर वादळ होतें काय? २०२० सालींच कांहीं संशोधकांनीं निरनिराळ्या अभ्यासांतील आंकडे एकत्र करून पाहिले. वर सांगितलेल्या जातीच्या पेशी-चिकित्सेनंतर जेव्हां हा लोंढा सुटतो तेव्हां रक्तांतील इंटरल्यूकिन-६ चें सरासरी प्रमाण अत्यवस्थ कोविडरोग्यांच्या सुमारें १०० पट आढळलें, आणि जंतुसंसर्ग रक्तांत भिनलेल्या रोग्यांत सुमारें २७ पट. ज्याला सर्वजण वादळ म्हणत होते तें इतरांच्या मानानें वाऱ्याची झुळूकच म्हणावयाची! अर्थात्‌ त्या झुळुकेनेंहि माणसें मेलीं, हें विसरतां येत नाहीं. आणि टोसिलिझुमॅबनें कांहींचे प्राण वांचविले हेंहि खरें. ब्रिटनमधील मोठ्या चांचणींत प्राणवायु लागत असलेल्या व दाह वाढलेल्या रोग्यांत, औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३५ दगावले, मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३१. म्हणजे इंटरल्यूकिन-६ दोषी होतें, पण एकटें नव्हतें, आणि फार मोठ्यानें ओरडतहि नव्हतें.

मग बिघडलें कोठें होतें? २०२० च्या सप्टेंबरांत जो शोध प्रसिद्ध झाला तो मला या सर्व प्रकरणांत मर्मभेदक वाटतो. प्राणसंकटांत सांपडलेल्या ९८७ कोविडरोग्यांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हां त्यांतील १०१ जणांच्या अंगांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारे प्रतिपिंड आढळले. ज्यांना रोग सौम्य झाला किंवा मुळींच लक्षणें दिसलीं नाहींत अशा ६६३ जणांत असा एकहि नव्हता. या १०१ पैकीं ९५ पुरुष होते. १९५७ सालीं जो पहिला सावधगिरीचा निरोप सांपडला होता, तोच या लोकांत वाटेंतच मारला जात होता. पहिल्या दिवसांत जें हळूच सांगावयाचें तें सांगितलें गेलें नाहीं, विषाणु निर्वेध वाढला, आणि मग आठवड्यानंतर इतर प्रथिनांनीं गलका केला. सर्वच रोग्यांचें असें झालें असें नाहीं, पण दहांपैकीं एकाचें झालें हें थोडें नव्हे. वादळाच्या रूपकांत या गोष्टीला जागाच नाहीं. वादळाच्या आधीं जी न आलेली हांक होती तिचें काय करावयाचें? वादळाला आकाशांतून येणें ठाऊक. न बोलल्यामुळें येणें ठाऊक नाहीं.

आणि रूपकानें केलेली खरी हानि येथें आहे. वादळ येणार असेल तर तें येण्यापूर्वींच आडोसा करावा, हें शेतकऱ्याचेंहि शहाणपण. १६ जून २०२० रोजीं डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचा निकाल जाहीर झाला: कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें, नुसता प्राणवायु लागणाऱ्यांचे सुमारें एकपंचमांशानें कमी. त्याच निकालांत असेंहि होतें कीं, ज्यांना प्राणवायु लागत नाहीं त्यांना कांहीं लाभ नाहीं. पहिला भाग जगभर दुमदुमला. दुसरा भाग आडोशाच्या घाईंत हरवला. स्टेरॉइड हें औषध निरोप निवडीत नाहीं, तें सगळीच सभा गप्प करतें. गलका माजल्यावर तें हितकर. पण पहिल्या चार दिवसांत, जेव्हां इंटरफेरॉनला बोलूं देणें आवश्यक, तेव्हां तेंच घातक ठरण्याचा संभव. तरी अंगांत कणकण आली कीं स्टेरॉइड घेणारे आणि देणारे निघाले. पुढें २०२१ च्या उन्हाळ्यांत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगानें महाराष्ट्रांत हजारों माणसांना गांठलें. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर हीं त्याचीं मोठीं कारणें. सगळा दोष एका शब्दाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. भीति होती, खाटा मिळत नव्हत्या, वैद्यहि थकले होते. पण भ्यालेल्या माणसाच्या हातीं आपण जो शब्द देतों त्या शब्दाप्रमाणें तो धांवतो, आणि आपण ‘वादळ’ दिला होता.

मग मराठीनें काय म्हणावें? आपल्या धुळें जिल्ह्यांतील पिंपळनेर येथें जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं वाईस बसून विश्वकोशाचा जो प्रपंच मांडला, त्यापासून मराठींत पारिभाषिक शब्दांची चर्चा पुष्कळ झाली. रूपकांची झाली नाहीं. ‘सायटोकाइन’ हा शब्द तसाच ठेवावा असें माझें मत आहे. ‘पेशीप्रेरक’ वगैरे संस्कृत समास करून तो अधिक कळतो असें नाहीं, आणि रुग्णालयाच्या चिठ्ठीवर तो इंग्रजींतच येणार. पण त्याचा अर्थ सांगतांना उपमान पाहिजे असेल तर तें आपल्या खेड्यांतच आहे. खानदेशांत अजून ‘सांगावा’ धाडतात. सांगाव्याला शाई लागत नाहीं. तो ज्याच्यासाठीं असतो त्यालाच त्याचा अर्थ कळतो. मधल्या माणसाच्या कानांवरून तो नुसता जातो. मामाला धाडलेला सांगावा आणि सावकाराला धाडलेला सांगावा अक्षरशः एक असला तरी दोघे वेगवेगळे वागतात. कांहीं सांगावे शेजारच्या घरापुरते असतात, आणि कांहींची दवंडी पिटावी लागते. टी पेशी भक्षक पेशीला अगदीं चिकटून तिच्या कानांत इंटरफेरॉन-गॅमा सांगते तो पहिला प्रकार. इंटरल्यूकिन-६ रक्तांतून यकृतापर्यंत जातें ती दवंडी. आणि कांहीं पेशी स्वतःशींच बोलतात: टी पेशी इंटरल्यूकिन-२ सोडते आणि स्वतःच तें ऐकून वाढूं लागते. एकान्तांत मोठ्यानें बोलून स्वतःला धीर देणारीं माणसें आपण पाहतोंच.

या उपमानांतहि उणें आहे. सांगावा धाडणाऱ्याला मन असतें, पेशीला नाहीं. आणि एकाच वेळीं शेंकडों सांगावे एकमेकांत मिसळून त्यांचा निराळाच अर्थ व्हावा, असें गांवांत सहसा घडत नाहीं, शरीरांत क्षणोक्षणीं घडतें. तरी त्याच्या पदरीं एक गुण असा आहे कीं, त्यांत ‘पुरे’ म्हणण्याला जागा आहे. सैन्याच्या रूपकांत थांबणें म्हणजे हार, आणि वादळ थांबतें तें आपोआप. शरीरांत मात्र थांबविणें हें वेगळें काम आहे आणि त्याला वेगळीं प्रथिनें नेमलेलीं आहेत. महारोगांत ज्याला आपण दोष दिला तें इंटरल्यूकिन-१० हें त्यांतलें मुख्य. तें ज्यांच्यांत जन्मतःच चालत नाहीं अशा बालकांच्या आंतड्यांना तान्हेपणींच असह्य दाह होतो. इंटरल्यूकिन-१ च्या ग्राहीवर नुसतेंच जाऊन बसणारें, कांहींहि न सांगणारें आणि खऱ्या निरोपाला बसूं न देणारें असेंहि एक प्रथिन शरीर स्वतः करतें. शिवाय निरोप ऐकलेली पेशी स्वतःच आंतून आपले कान झांकून घेण्याची तजवीज करते. पायांत कांटा मोडतो, पाय सुजतो, आणि चौथ्या दिवशीं सूज उतरते. ती उतरते तेव्हां कोणीतरी तसें सांगितलेलें असतें, हें शाळेच्या पुस्तकांत शिपायांच्या चित्राखालीं एका ओळींत छापण्यास कांहीं अडचण असूं नये.